मफलरचे कागद आणि एक रिकामी ओळ

तीर्थस्वरूप अक्का हिस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे पत्र पोहोचले. तुझे गुडघे जिना चढताना दुखतात आणि उतरताना दुखत नाहीत, हे वाचून निम्मे समाधान वाटले. उरलेल्या निम्म्यासाठी तळमजल्यावरची खोली मागून घ्यावी, असे मी गेल्या तीन पत्रांत सुचविले आहे आणि आता चौथ्यांदा सुचवीत आहे. डोळ्यांचे थेंब वेळेवर घालतेस ना? माझी प्रकृती उत्तम आहे. मी फार वाळलो असल्याचे तुझ्या कानी आले, ते खरे की कसे, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर पुढे ओघात येईल, कारण त्या उत्तराला एक मांजर चिकटलेले आहे. हे सारे फोनवर सांगता आले नसते. तुला त्यावर नीट ऐकू येत नाही, आणि मला ओरडून बोलताना वाक्यरचना सांभाळता येत नाही.

हे पत्र तुला नेहमीप्रमाणे सूनबाई वाचून दाखवतील. त्यांना आरंभीच एक विनंती करून ठेवतो. मजकूर मोठ्याने वाचावा. कंसातील भाग मात्र मनातल्या मनात वाचून पुढे जावे. कंस हे लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी असतात, ऐकणाऱ्याला त्यांचा उपयोग नसतो. (सूनबाई, सुरुवात येथूनच करावी. तुमचे अक्षर फार सुंदर आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका आहेत, पण सासूबाईंसमोर तो विषय नको.)

माझी मुलगी, जावई आणि नात परदेशी राहायला गेली, त्याला येत्या महिन्यात दीड वर्ष होईल. जाताना नातीचे मांजर माझ्याकडे ठेवले गेले. मुलगी म्हणाली, "बाबा, फक्त दोन महिने. घर लागलं की मी स्वतः येऊन त्याला घेऊन जाते." दोन महिन्यांचे अठरा महिने कसे झाले, तीच या पत्राची कथा आहे. मांजराचे नाव मफलर. ते नातीने ठेवले, कारण हा बोका लहानपणी तिच्या गळ्याभोवती वेटोळे घालून झोपत असे. नाव परभाषेतले असले तरी शब्द रूढ आहे, आणि रूढ शब्दाशी मी भांडत नाही. बोक्याशी मात्र पहिल्या दिवसापासून माझे पटले नाही. तो माझ्या शब्दकोशावर बसतो, आणि तेही नेमका जो खंड मला हवा असेल त्यावर. (सकाळी थंडी असली की तो आता माझ्या गळ्याभोवती बसतो. मी हालत नाही. वर्तमानपत्र वाचायचे राहते.)

मुलीने मलाही तिकडे बोलावले नाही असे नव्हे. परंतु मला तिकडे काय काम? माझा छापखाना सुटला तरी माझी शिस्त सुटलेली नाही, आणि कामावाचून दुसऱ्याच्या घरी बसून राहणे माझ्या स्वभावात नाही, हे तुला ठाऊकच आहे. (तिने एकंदर तीनदा विचारले. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, "मी काय पार्सल आहे, मागवलं की निघायला?" वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. त्यानंतर तिने पुन्हा विचारले नाही.)

तर मांजर. त्या देशात प्राणी न्यायचा असल्यास काय काय करावे लागते, याची अकरा बाबींची यादी मुलीने पाठविली. सोबत एका मध्यस्थ कंपनीचे दरपत्रक होते. ही मंडळी प्राण्याची लस, रक्ततपासणी, दाखले, पेटी, विमान असे सगळे करून देतात आणि त्याबद्दल एक आकडा सांगतात. तो आकडा मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. त्या रकमेत आपल्या वडिलांनी दोन घरे बांधली असती, आणि त्यांपैकी एकातही मांजर ठेवले नसते. खर्च जावई देणार होते; मी नको म्हणालो. म्हटले, तुम्ही तिकडे संसार मांडा, बोक्याचे मी पाहतो, आणि या मध्यस्थाच्या चौथाई खर्चात पाहतो. अक्का, मनुष्याने असे आकडे आधी बोलून दाखवू नयेत.

आता माझ्या हातून एक चूक झाली ती सांगतो. ती तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून, नीट वाक्यांत कळलेली बरी. अडतीस वर्षे मी मुद्रितशोधक होतो. छापण्यापूर्वीचा कागद आम्ही दोनदा वाचतो. एकदा वरून खाली, आणि दुसऱ्यांदा खालून वर, शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे. सरळ वाचताना डोळा अर्थाच्या मागे धावतो आणि चुका निसटतात. उलट वाचताना अर्थ उरतच नाही. शब्द एकेक करून समोर उभे राहतात, हजेरीच्या पोरांसारखे. महत्त्वाचा कागद हाती आला की माझे बोट आपोआप शेवटच्या ओळीवर जाते. यादी महत्त्वाची होती. मी अकराव्या बाबीपासून आरंभ केला.

अकरावी बाब म्हणजे प्राणी प्रवासास योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला. तो मी पहिल्याच आठवड्यात मिळविला आणि मुलीला अभिमानाने कळविले की कामाला आरंभ झाला. दाखल्याची मुदत दहा दिवसांची असते, हे तळटिपेत होते. दहावी बाब जंतांचे औषध. ते विमानात बसण्यापूर्वी पाच दिवसांच्या आत द्यायचे असते. मी ते वर्षाहूनही अधिक आधी दिले. नववी पिशवी. आठवी, सातवी, सहावी अशी मी एकेक बाब पुरी करीत वर सरकत होतो, रक्त तपासून घेतले, लस टोचून घेतली, आणि चौथ्या महिन्यात पहिल्या बाबीपाशी पोहोचलो. ती अशी होती: प्राण्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक ओळखखूण बसवावी, तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो, ती बसविण्यापूर्वी केलेली कोणतीही लस, तपासणी वा दाखला ग्राह्य धरला जाणार नाही.

तू म्हणशील, डॉक्टरांनी कसे सांगितले नाही? कारण मी त्यांना यादी दाखविलीच नव्हती. मूळ प्रत परक्याच्या हाती देऊ नये, ही छापखान्यातली शिस्त. मी जाई, हवी ती एक गोष्ट मागे, पैसे देई आणि येई. त्या दिवशी मात्र डॉक्टरीणबाईंनी यादी मागून घेतली. बाई चाळिशीच्या असतील. दवाखान्यात एकट्याच डॉक्टर, हाताखाली एक कंपाउंडर. त्यांनी यादी वाचली, माझी फाईल वाचली, पुन्हा यादी पाहिली आणि अगदी हळू विचारले, "आजोबा, ही तुम्ही खालून वर वाचलीत का?"

मी म्हणालो, "अर्थात."

बाई खुर्चीत बसल्या आणि रुमाल तोंडाला लावून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. कंपाउंडर हा मुळात तिरकस माणूस. तो मांजराचे कान पुसता पुसता म्हणाला, "नशीब, विमानातून उतरवून नाही सुरुवात केली."

सारे पुन्हा करावे लागणार होते. आधी ओळखखूण, मग लस, मग महिनाभर थांबून रक्त, ते परदेशच्या प्रयोगशाळेत पाठविणे, आणि निकाल चांगला आला तरी रक्त घेतल्यापासून तीन महिने नुसते थांबणे. खर्चही पुन्हा, आणि तो पैसे साठतील तसा करायचा, म्हणजे महिन्यांमागून महिने. मध्यस्थाच्या चौथाईचा माझा आकडा निम्म्यावर चढला आणि मी मुलीला फोनवर सांगितले की त्या देशाचे नियम बदलले. (अक्का, मी आयुष्यात तीन वेळा खोटे बोललो आहे. ही चौथी वेळ.)

आता खर्च आटोक्यात आणणे भाग होते. डॉक्टरीणबाईंच्या प्रतीक्षाखोलीत भिंतीवर सूचनांचे कागद लावलेले आहेत. नंबर येईपर्यंत मला ते वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि खिशात पेन्सिल असताना ते नुसते वाचणेही शक्य नव्हते. तीन आठवड्यांत सातही सूचना दुरुस्त झाल्या. चौथ्या आठवड्यात बाईंनी मला आत बोलावले. मला वाटले, रागावणार. त्यांनी टेबलाच्या खणातून एक गठ्ठा काढला; पथ्याचे कागद, शस्त्रक्रियेची संमतिपत्रे, लसीची कार्डे, सगळे त्यांनी स्वतः वेळ मिळेल तसे लिहिलेले. म्हणाल्या, "आजोबा, तपासणीची फी राहू द्या. तेवढं हे नीट करून द्याल?" तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी मी दवाखान्यात वजनकाटा आणि औषधांचे कपाट यांच्यामधल्या छोट्या टेबलाशी बसतो. लस आणि रक्त यांचे पैसे चुकत नाहीत, पण बाकी सारे माझ्या पेन्सिलीवर चालते. एका संमतिपत्राप्रमाणे भूल प्राण्याऐवजी मालकाला द्यायची होती. त्यावर दोन वर्षे लोक सह्या करीत आले, आणि कोणीही हरकत घेतली नाही. (गुरुवारी मी दाढी दोनदा करतो. लोक कुत्री घेऊन येतात आणि मला विचारतात, किती वेळ लागेल. मी सांगतो. बरे वाटते.)

आणखी एक बचत मी वजनाच्या बाबतीत केली आणि येथेच तुझ्या प्रश्नाचे उत्तर आहे. विमानात माणसाच्या पायाशी मांजर न्यायचे, तर पिशवीसह आठ किलोंच्या आत हवे. बोका एकटाच सात किलो आठशे. पिशवी आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या शिंप्याने शिवून दिली. (त्याने बोक्याचे माप फितीने घेतले, छाती, कंबर, उंची मोठ्याने सांगितली आणि मला ती वहीत उतरवून घ्यायला लावली. कंबर आणि छाती सारखीच भरली, तेव्हा म्हणाला, "काका, याला कोट नको, गवसणी शिवतो.") पिशवी एक किलो. म्हणजे बोका सातच्या आत आणणे प्राप्त होते. बाईंनी अर्ध्या खुराकाचे पथ्य लिहून दिले आणि दर आठवड्याला वजन करायला सांगितले. काट्यासाठी दर आठवड्याला बोक्याला रिक्षाने कोण नेणार? माझ्या घरी काटा होताच. बोका काट्यावर ठरत नसे, म्हणून मी त्याला कडेवर घेऊन उभा राही आणि आलेल्या आकड्यातून माझे वजन वजा करी. माझे वजन एकसष्ट किलो. हे मी आरंभी एकदा पाहून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. प्रमाण म्हणून एकदा स्वीकारलेली गोष्ट पुनःपुन्हा तपासू नये, नाहीतर कोणतेच काम पुढे सरकत नाही.

पथ्याने चमत्कार केला. बोका दर आठवड्याला पाव किलोने उतरू लागला. सात, साडेसहा, सहा. चौदाव्या आठवड्यात वहीत साडेचार किलो हा आकडा लिहिताना मला स्वतःचा अभिमान वाटला. दिसायला तो तसाच गोल दिसे, पण मी ते केसांवर घातले. त्याच सुमारास माझ्या विजारी कमरेत सैल पडू लागल्या. हल्लीच्या कापडात दम नसतो, असे मी शिंप्याला दोनदा सुनावले आणि त्याने त्या दोनदा आत घेऊन दिल्या. तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा तो टाचणी तोंडात धरून म्हणाला, "काका, कापड नाही हो वाढत. आतला माणूस कमी होतोय." मी त्याकडे लक्ष दिले नाही. टाचणी तोंडात धरून बोलणाऱ्याचे उच्चार स्पष्ट नसतात.

गुरुवारी वही आणि बोका दोन्ही घेऊन मी दवाखान्यात गेलो. बाईंनी वही पाहिली, भुवया वर केल्या आणि बोक्याला दवाखान्याच्या काट्यावर दाबून धरले. आठ किलो शंभर. कंपाउंडरने काटा तपासला. पुन्हा आठ किलो शंभर. मी म्हणालो, काटा बिघडला आहे. बाईंनी वहीचे पहिले पान उघडले, तो एकसष्टचा आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "आजोबा, जरा तुम्ही उभे राहा बघू." मी उभा राहिलो. सत्तावन्न किलो चारशे.

मग बाई म्हणाल्या, "मांजर ठणठणीत आहे. तुम्ही रात्री जेवता का?"

या प्रश्नाचे उत्तर मी, जेवणाच्या वेळा वयानुसार बदलतात, असे काहीतरी दिले. (खरे असे आहे की बोक्याला अर्धे जेवण वाढले की तो ते दोन घासांत संपवी आणि समोरच्या खुर्चीवर चढून माझ्याकडे पाहत बसे. ती हिची खुर्ची. ही गेल्यापासून पाच वर्षे त्या खुर्चीवर कोणी बसले नव्हते. एकट्याने जेवायची मला सवय झाली होती, अक्का. पण त्या खुर्चीवरून कोणी उपाशी बघत असताना जेवायची नव्हती. तेव्हा पहिल्या आठवड्यातच मी रात्रीचे ताट मांडणे सोडून दिले.) बोका का उतरला नाही, याचाही उलगडा त्याच संध्याकाळी झाला. शिंपी रोज दुपारी माझ्या झोपेच्या वेळी त्याला उकडलेले अंडे आणि वाटीभर दूध देत होता. विचारले, तर म्हणाला, "घरात दोघं वाळताना दिसले काका. तुम्ही ऐकणार नाही, म्हटलं एकाला तरी वाचवू."

त्यानंतर बाईंनी व्यवस्था बदलली. दर गुरुवारी आम्हा दोघांचे वजन दवाखान्यातच होते आणि एकाच कागदावर दोन रकान्यांत लिहिले जाते. शिंप्याचे अंडे माझ्या ताटात वळविण्यात आले आणि ते मी संपविले की नाही हे पाहायला तो रात्री आठ वाजता येऊन बसतो. आता बोका सहा किलो नऊशे आहे आणि मी साठ. कंपाउंडर म्हणतो, दोघांचा मिळून दाखला देऊ. तेव्हा वाळल्याची बातमी खरी होती, पण जुनी आहे. तू काळजी करू नये.

अक्का, माझ्या उलट वाचण्याची एव्हाना तू बरीच थट्टा केली असशील, म्हणून पुढचे मुद्दाम सविस्तर लिहितो. दीड महिन्यापूर्वी रक्ताचा निकाल आला. उत्तम होता. प्रयोगशाळेने तपासला होता, बाईंनी वाचला, कंपाउंडरने फाईलला लावला. मी घरी आणून सवयीप्रमाणे खालून वर वाचला. त्यात बोक्याचा पंधरा आकडी क्रमांक होता. सरळ वाचताना तो बरोबरच वाटतो, कारण डोळा त्याला ओळखतो आणि पुढे जातो. उलट वाचताना शेवटून सहावा आणि सातवा आकडा एकमेकांच्या जागी बसलेले दिसले. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडण्यापूर्वी मी पायरीवर उभा होतो. बाईंनी यंत्र फिरवून बोक्याचा क्रमांक पाहिला, कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. हा कागद तसाच गेला असता, तर तिकडच्या विमानतळावर मांजर दुसरेच ठरले असते. चार महिने सरकारी कोठडीत आणि त्याचा रोजचा खर्च मालकाकडे. प्रयोगशाळेने क्षमा मागून नवा कागद पाठविला. बाई म्हणाल्या, "आजोबा, आधी उलटं वाचून जेवढं घालवलंत, त्याच्या दुप्पट आज वाचवलंत." कंपाउंडरने माझ्या टेबलापाशीचे स्टूल उचलून नेले आणि पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणून ठेवली.

तेव्हा आता, ऐन वेळी घ्यायचा दाखला सोडला तर, सारे कागद तयार आहेत. लसीच्या तारखेप्रमाणे ते अजून पाच महिने चालतील; त्यानंतर पुन्हा लसीपासून. अडचण एकच उरली आहे. न्यायला येणारी मुलगी येत नाही. नव्या नोकरीत तिला रजा मिळत नाही, जावयांना तर नाहीच. म्हणून बोका एकटा, लाकडी पेटीत, मालवाहू विभागातून जावा, असे गेल्या रविवारी ठरले. मी त्यास मान्यता दिली. मांजर जाणार, माझा शब्दकोश मोकळा होणार, गुरुवारही मोकळा होणार, आणि अठरा महिन्यांचे एक काम पुरे झाल्याचे समाधान मिळणार. (रविवारी नात पडद्यावर आली. ती आधी बोक्याला बघते, मग मला. म्हणून मी त्याला गळ्यात घेऊनच बसतो, म्हणजे एकाच वेळी दोघेही दिसतो. तिने विचारले, "मफलर एकटा येणार? त्याला भीती नाही वाटणार?" मी म्हणालो, मांजरांना भीती वाटत नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग तुमच्या गळ्यात कोण?" मी म्हणालो, आवाज तुटतो आहे, आणि फोन ठेवला. आवाज स्पष्ट येत होता.)

काल बाईंनी शेवटचा अर्ज भरायला घेतला. प्राण्याचे नाव, वय, रंग, क्रमांक. त्या लिहीत गेल्या आणि मी त्यांच्या पेनाच्या मागोमाग वाचीत गेलो. एकही चूक नव्हती. मग त्या थांबल्या. एक ओळ होती, "सोबत जाणाऱ्या व्यक्तीचे नाव." त्यांनी विचारले, "इथं काय लिहू?"

मी म्हणालो, "रिकामी ठेवा."

अडतीस वर्षांत मी छपाईला जाणाऱ्या कागदावर रिकामी जागा राहू दिलेली नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिले, अर्ज तसाच खणात ठेवला आणि म्हणाल्या, "घाई नाही. पाच महिने आहेत."

असो. पत्र लांबले. तुझ्या गुडघ्यांना, सूनबाईंच्या घशाला आणि तळमजल्याच्या खोलीला माझ्या शुभेच्छा. उत्तर सावकाश पाठव. (फार सावकाश नको.)

तुझा आज्ञाधारक, निदान पत्रापुरता,
धाकटा भाऊ

ता. क. खर्चाची एक बाब राहिली. एकटे मांजर मालवाहू विभागातून न्यायचे, तर पेटी, मध्यस्थ आणि भाडे मिळून जे होते, त्यापेक्षा एका माणसाचे तिकीट आणि त्याच्या पायाशी मांजर हे स्वस्त पडते. मी हा हिशेब सरळही केला आणि उलटही. तेव्हा केवळ काटकसरीच्या दृष्टीने विचारतो: एखादा भरवशाचा, रिकामा, फार सामान नसलेला माणूस तुझ्या पाहण्यात आहे का? वय सत्तरच्या पुढे असल्यास हरकत नाही. बोक्याला त्याच्या गळ्याची सवय असल्यास उत्तम.

ता. क. दुसरा. असा माणूस मिळाल्यास त्याला त्या देशाचा प्रवेशपरवाना काढावा लागेल, आणि त्यासाठी तिथे राहणाऱ्या नातेवाइकाचे लेखी निमंत्रण लागते. म्हणजे तिकडून कोणीतरी त्याला आणखी एकदा बोलवावे लागेल. सूनबाईंच्या मदतीने माझ्या मुलीशी तुझे बोलणे होते, तेव्हा तू हे सहज तिच्या कानावर घालावेस. मी सुचविले असे सांगू नये. तिने विचारले की बाबा या वेळी काय म्हणतील, तर तुला जे वाटेल ते सांग. तू माझ्याहून मोठी आहेस, मी तुझ्या शब्दाबाहेर नाही. निमंत्रणाच्या मजकुरात चुका असल्या तरी चालेल. मी दुरुस्त करणार नाही.

ता. क. तिसरा. सूनबाई, पत्र वाचून झाल्यावर सासूबाईंना ते पुन्हा एकदा वाचून दाखवावे. या खेपेस फक्त कंसातले, आणि मोठ्याने. पहिला कंस तेवढा वगळावा.